घर दाखवण्याआधी : हैदराबादेत घर विकू पाहणाऱ्या सभासदांसाठी

काचीगुडा, त्याच्या शेजारचे लिंगमपल्ली, बरकतपुरा, नारायणगुडा, सुलतान बाजार, गौलीगुडा. या भागांत आपल्या दोन-तीन पिढ्या वाढल्या. आता मुले कोंडापूर-मियापूरकडे, पुण्याला किंवा अमेरिकेत आहेत. उरलेल्या दोघांना किंवा एकट्याला जिना चढवत नाही, आणि एक दिवस घर विकायचे ठरते. मंडळाच्या कार्यक्रमात चहाच्या वेळी याबद्दल आम्हाला बरेच सभासद विचारतात. भावाबद्दल आम्ही काही सांगू शकत नाही. पण पहिला ग्राहक दारात उभा राहण्याआधी काय काय करून ठेवावे, याचा आता आमच्यापैकी अनेकांना अनुभव आला आहे. तो येथे एकत्र केला आहे. वकिलाचा आणि सीएचा सल्ला त्यानंतर घ्यावाच लागेल.

आधी घरातल्यांचे एकमत

घर दाखवायला काढण्यापूर्वी ज्यांची सही लागणार आहे त्या सर्वांशी बोलून घ्यावे. हे आम्ही मुद्दाम सर्वांत आधी लिहितो आहोत, कारण रंगरंगोटी करून, चार ग्राहक येऊन गेल्यावर नागपूरच्या बहिणीला शेजाऱ्यांकडून बातमी कळते, आणि तिथे सगळे थांबते. वडिलांनी स्वकमाईने घर घेतले असेल आणि मृत्युपत्र नसेल, तर पत्नी, मुलगे, मुली आणि हयात असल्यास वडिलांची आई हे सारखे वाटेकरी. घर वडिलोपार्जित असेल तर लग्न होऊन गेलेल्या मुलींचा प्रश्न हमखास निघतो. आंध्र प्रदेशाने १९८६ च्या दुरुस्तीने, ५ सप्टेंबर १९८५ पासून, त्या वेळी अविवाहित असलेल्या मुलींना असा हक्क दिला होता. ९ सप्टेंबर २००५ पासून केंद्राच्या दुरुस्तीने तो सर्वच मुलींना मिळाला. "तिने कधी मागितले नाही" हे वाक्य ग्राहकाच्या वकिलापुढे चालत नाही. तिला फोन करून विचारावे, आणि घर दाखवायला सुरुवात होण्याआधी तिला एकदा येऊन राहायला बोलवावे. कागदोपत्री याची गरज नाही, पण आम्हाला ते योग्य वाटते.

परदेशातल्या मुलाच्या नावावर हिस्सा असेल तर मुखत्यारपत्राला लागणारा वेळ धरून चालावे. तेथे साक्षांकित झालेले पत्र भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक भरून घ्यावा लागतो. विकणारा अनिवासी असेल तर ग्राहकाला कापाव्या लागणाऱ्या कराचे प्रमाणही बरेच जास्त असते. हे त्याला पहिल्याच बोलण्यात सांगितले तर पुढे रुसवेफुगवे होत नाहीत.

कागदांची पिशवी

आपल्याकडे घराचे कागद बहुधा एका कापडी पिशवीत, गोदरेजच्या कपाटात, साड्यांच्या खाली असतात. ती पिशवी बाहेर काढून एक फाइल करावी : खरेदीखत, त्याआधीची जोडखते (येथे सगळे 'लिंक डॉक्युमेंट्स' म्हणतात), मंजूर नकाशा, महापालिकेच्या कराच्या पावत्या, पाण्याचे आणि विजेचे ताजे बिल, फ्लॅट असेल तर सोसायटीची बाकी नसल्याचे पत्र. बोजा दाखला, म्हणजे ईसी, नोंदणी खात्याच्या संकेतस्थळावर काढता येतो. १९८३ पासूनचे व्यवहार त्यात सापडतात, त्याआधीचे हवे असतील तर कार्यालयात जावे लागते. ग्राहक स्वतः ईसी काढतोच. म्हणून आपण आधी काढून पाहावी. वीस वर्षांपूर्वी फेडलेले बँकेचे कर्ज तिच्यात अजून तसेच दिसत असेल, तर तो कागद मिळवायला लागणारे पंधरा दिवस आपल्या हातात आधीच असलेले बरे.

जुन्या शहराच्या घरांत एक खास अडचण येते. निजामाच्या काळातली खरेदीखते उर्दूत आहेत, तारखा फसली सनातल्या, आणि घरातल्या एखाद्या वाटणीपत्रावर मोडी. उर्दू वाचणारी आपली पिढी जवळजवळ संपली. आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाकडे १३५२ फसलीचे खत होते. ते किती जुने आहे हेही कुणाला सांगता येईना. फसली सनात ५९० मिळवले की ते वर्ष ज्या इसवी सनात सुरू झाले तो मिळतो, म्हणजे हे खत १९४२-४३ चे. खतात चतुःसीमा मशरिक, मगरिब, शुमाल, जुनूब अशा, म्हणजे पूर्व, पश्चिम, उत्तर, दक्षिण. त्यांपैकी शुमालेला जी गल्ली लिहिली होती तिच्यावर आज शेजाऱ्याची भिंत उभी आहे. ही गोष्ट ग्राहकाच्या वकिलाने शोधून काढली आणि सौदा मोडला. सौदा कदाचित तसाही मोडला असता, पण घरच्यांना ते आधी ठाऊक असते तर तीन महिने वाया गेले नसते. उर्दू कागदाचे प्रमाणित भाषांतर करून घ्यावे आणि मूळ कागद प्लास्टिकमध्ये न गुंडाळता साध्या कागदी पाकिटात ठेवावा. प्लास्टिकमध्ये दमट हवा कोंडते आणि शाई उतरते.

घरक्रमांकाचाही घोळ असतो. खरेदीखतातला जुना क्रमांक एक, महापालिकेच्या पाटीवर दुसरा, वीज बिलावर तिसराच. नावांचे तसेच. खरेदीखतात सासरचे नाव, आधार कार्डावर माहेरचे, बँकेत आद्याक्षरे. हे सगळे एका कागदावर लिहून ठेवावे, म्हणजे दर वेळी नव्याने समजावून सांगावे लागत नाही.

नव्वदच्या दशकातल्या फ्लॅटवाल्यांनी पार्किंगची जागा आणि जमिनीतला अविभाज्य हिस्सा, म्हणजे यूडीएस, खतात किती गज लिहिला आहे ते पाहून ठेवावे. हैदराबादेत तो प्रश्न पहिल्या दहा मिनिटांत येतो. इमारतीचा वरचा मजला नकाशाबाहेरचा असेल तर २००७ च्या बीपीएस किंवा २०१५ च्या बीआरएस योजनेत अर्ज केला होता का, आणि त्याची पावती कुणाकडे आहे, हे सोसायटीत विचारावे.

कागदांच्या झेरॉक्स दलालाला सरसकट देऊ नयेत. घरी बसून दाखवाव्यात. द्यावीच लागली तर प्रत्येक पानावर आडवे, ज्याला दिली त्याचे नाव, तारीख आणि 'फक्त पाहण्यासाठी' असे लिहून द्यावी. आधारची प्रत तर टोकन होईपर्यंत देऊच नये.

घर विकतो आहोत की जमीन?

खर्चाचा विचार करण्याआधी याचे उत्तर स्वतःशी द्यावे. बरकतपुऱ्यातला दोनशे गजांचा जुना बंगला पाहायला येणारा माणूस बहुतेक वेळा घर पाहायला आलेला नसतो. तो समोरच्या रस्त्याची रुंदी पावलांनी मोजतो, दार कोणत्या दिशेला आहे ते पाहतो आणि मनात घर पाडून टाकतो. त्याच्यासाठी दोन लाखांचा रंग देणे म्हणजे पैसे गटारात घालणे. अशा घरमालकांनी फक्त एक करावे : टेप घेऊन चारही बाजू मोजाव्या आणि खतातल्या मापांशी ताडून पाहाव्या. नऊ चौरस फूट म्हणजे एक गज. चाळीस फूट बाय पंचेचाळीस फूट जागा असेल तर दोनशे गज. वाढीव ओटा, गल्लीत सरकलेली पायरी, शेजाऱ्याच्या बाजूने आलेली भिंत, सगळे मापात उमटते. आणि अंगण झाडून, जुने लाकूड-लोखंड काढून जमीन मोकळी दिसू द्यावी.

राहण्यासाठी घर घेणारा आला, तर मात्र हिशेब वेगळा. फ्लॅटला रंगाचा खर्च बहुधा भरून निघतो. पण एकाच भिंतीला नवा रंग देऊ नये. ग्राहकाचे लक्ष नेमके तिथे जाते, आणि तो त्या भिंतीवर हात ठेवून पाहतो. ओल असेल तर ती कुठून येते ते आधी शोधावे. वरच्या मजल्याचे न्हाणीघर, गच्चीचा उतार, फुटलेला पावसाचा पाइप, यांपैकी काहीतरी असते. पुट्टी लावून झाकलेली ओल पहिल्या पावसात वर येते, आणि तोवर आपण त्या माणसाचे पैसे घेतलेले असतात.

बाकी दुरुस्त्या लहान आहेत आणि स्वस्त आहेत : गळके नळ, न लागणारी कडी, करकरणारा दरवाजा, उडालेले दिवे, पिवळी पडलेली बटणे, फुटलेली जाळी. शहाबादी किंवा तांदुरी फरशी असेल तर ती उखडून टाइल्स बसवू नयेत. घासून धुवावी, काळवंडलेले सांधे साफ करावेत. उन्हाळ्यात तिचा गारवा पायाला लागतो, आणि हल्ली ती मागणारेही भेटतात. मोटार चालू करून दाखवावी लागते, म्हणून बोअर आणि संप आधी तपासावा. (पुण्याच्या पाहुण्यांना संप म्हणजे हरताळ वाटतो. आपल्याकडे ती जमिनीखालची पाण्याची टाकी.) नळाला पाणी किती दिवसांनी आणि किती वाजता येते, हे खरे सांगावे. शेजारच्या घरात विचारले की कळतेच.

पन्नास वर्षांचे सामान

सर्वांत जास्त वेळ याला लागतो, आणि बहुतेकांना याचाच अंदाज चुकतो. आम्ही म्हणू, तीन महिने धरा. माळ्यावरच्या ट्रंका, तांब्याचा बंब, पाटा-वरवंटा, जाते, लोणच्याच्या बरण्या, मुंजीतले पाट, बंद पडलेले तीन मिक्सर, मुलांच्या दहावीच्या वह्या. खोलीत जितकी जमीन दिसते तितकी खोली मोठी वाटते, आणि आपल्या घरांत जमीन दिसतच नाही. भिंतीला लागून एक सलग फडताळ, त्यावर बॅगा, बॅगांवर गाद्या.

एका वेळी एकच खोली घ्यावी. मोठ्यांच्या वस्तूंना त्यांच्या गैरहजेरीत हात लावू नये. पितळ-तांबे मोडीत घालण्यापूर्वी भाचे-पुतण्यांना फोटो पाठवावेत. आजकाल बंबात मनीप्लांट लावायला मागणारी सून निघते. शिसवी-सागवानी कपाटांना जुमेरात बाजारात गिऱ्हाईक असते, पण दुपारच्या उन्हात तेथे कपाट विकायला उभे राहणे सगळ्यांना जमेल असे नाही. घरी येऊन नेणारे कमी भाव देतात. तो द्यावा आणि मोकळे व्हावे.

पुस्तकांबद्दल थोडे सविस्तर. आपल्या घरांत साठ-सत्तर सालापासूनचे दिवाळी अंक, 'पंचधारे'चे अंक, शाळा-संस्थांच्या स्मरणिका आहेत. मराठी ग्रंथसंग्रहालयाला आणि साहित्य परिषदेला आधी यादी पाठवून विचारावे. पोती भरून त्यांच्या दारात ठेवू नयेत, त्यांच्याकडेही जागेची चणचण आहे. उरलेली सर्वसाधारण पुस्तके आबिड्सच्या रविवारच्या पदपथावर जातात. मात्र रद्दीत टाकण्याआधी प्रत्येक जुनी वही उघडून पाहावी. उस्मानिया विद्यापीठाची प्रमाणपत्रे, मुक्तिसंग्रामातल्या तुरुंगवासाचे दाखले, आजोबांच्या मोडीतल्या हिशेबवह्या अशाच गठ्ठ्यांत सापडल्या आहेत. एका घरात तर हरवले म्हणून सोडून दिलेले जोडखत एका जुन्या पंचांगात निघाले.

देव आणि भिंतीवरचे फोटो

देव्हारा हलवू नये, असे आमचे मत. तेलुगू ग्राहक पूजेची जागा कोठे आहे हे आवर्जून पाहतात. ईशान्येला असेल तर न बोलता समाधान दिसते. चांदीचे टाक आणि नित्यपूजेतले चांदीचे सामान मात्र आत ठेवावे. देव खरेदीखताच्या आदल्या दिवसांपर्यंत त्यांच्या जागी राहू द्यावेत.

हार घातलेल्या फोटोंवरून आमच्यातच दोन मते आहेत. काहींच्या मते बाहेरच्या खोलीत दिवंगतांचे फोटो पाहून येणारा बिचकतो, ते आतल्या खोलीत लावावेत. दुसरे म्हणतात, त्यांनीच हे घर बांधले, त्यांना आत का बसवायचे? ज्याने त्याने ठरवावे. फोटो हलवले तर भिंतीवरचे खिळे काढून भोके बुजवावीत आणि मागचा फिकट चौकोन पुसावा, नाहीतर तो फोटोपेक्षा जास्त डोळ्यांत भरतो.

वास्तूबद्दल वाद घालू नये. येणारा खिशातून होकायंत्र काढेल, स्वयंपाकघर आग्नेयेला आहे का विचारेल, फोनवर कुणाला तरी नकाशा पाठवेल. आपल्या घरात चाळीस वर्षे सगळे सुखाने चालले, हे त्याला सांगून उपयोग नाही. दिशा खऱ्या सांगाव्यात, बाकी त्याच्यावर सोडावे.

दाखवण्याचा दिवस

दिवस निवडतानाही पंचांग आडवे येते. आषाढात आणि पितृपक्षात तेलुगू मंडळी घराची बोलणी बहुधा पुढे ढकलतात. गुरू-शुक्राच्या अस्ताला ते 'मूढम' म्हणतात, त्यातही टोकन देत नाहीत. ग्राहक एकदम थांबले की घराला काही दोष आहे असे वाटून भाव उतरवू नये. आधी कालनिर्णय पाहावे. आषाढात आवराआवर करावी आणि श्रावणापासून दाखवायला काढावे, हे आम्हाला सोयीचे वाटले. रविवारी साडेचार ते सहा राहुकाळ. त्या वेळात कुणाला बोलावू नये, आले तरी मनातून चरकलेले असतात. सकाळी दहा ते बारा सर्वांत चांगले. ऊन असते, ट्यूबलाइट लागत नाही.

त्या सकाळी सगळ्या खिडक्या तासभर आधी उघडाव्यात. बंद खोल्यांचा कुबट वास आणि कपाटातल्या डांबराच्या गोळ्यांचा वास आपल्याला येत नाही, बाहेरच्याला लगेच येतो. उदबत्तीने तो झाकला जात नाही, दोन वास येतात. न्हाणीघर कोरडे असावे, दोरीवरचे कपडे काढलेले असावेत, दारातल्या चपला एका बाजूला. रांगोळी काढावी, तिला येथे मुग्गू म्हणतात आणि ती ओळखीची वाटते. दागिने, औषधे, पासबुके, मोबाइल उघड्यावर ठेवू नयेत. घरात एकटी वयस्कर व्यक्ती असेल तर शेजारच्या कुणाला तरी तासभर बसायला सांगावे आणि येणाऱ्याचे नाव व फोन आधी लिहून घ्यावा.

येणाऱ्याला पाणी द्यावे, चहा विचारावा. कांदेपोहे करू नयेत. हसण्यावारी नेऊ नका, आमच्यातल्या एकाने केले होते, आणि ग्राहक इतका वेळ बसला की मागचे दोघे जिन्यातून परत गेले. खोल्या दाखवताना घरातल्या एकानेच बरोबर राहावे. चौघे मागे फिरले की पाहणाऱ्याला आपसांत बोलता येत नाही. गच्चीवर त्यांना थोडा वेळ एकटे सोडावे. नारायणगुडा किंवा सुलतान बाजारचे मेट्रो स्टेशन किती मिनिटांवर आहे ते चालून पाहिलेले असावे. २०२० च्या फेब्रुवारीत तो मार्ग सुरू झाल्यापासून आपल्या भागाबद्दल बोलताना हा मुद्दा निघतोच.

पाणी शिरते का, हाही प्रश्न निघतो. मुसीच्या १९०८ च्या पुराची गोष्ट आपल्या घरांत आजी-आजोबा सांगत. ऑक्टोबर २०२० मध्ये तेरा तारखेच्या रात्री झालेल्या पावसानंतर ग्राहक पावसाळ्यातच मुद्दाम घर पाहायला येऊ लागले. गल्लीत गुडघाभर पाणी आले असेल तर आले म्हणावे, आणि ओट्याच्या कोणत्या पायरीपर्यंत आले ते दाखवावे.

व्यवहारात काही रक्कम रोख द्यायची तयारी ग्राहक दाखवतो, तेही अनेकदा पहिल्याच भेटीत. घराच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने घेता येत नाही, टोकनसुद्धा. घेतली तर तेवढाच दंड विकणाऱ्याला होऊ शकतो. नकार काय द्यायचा ते घरात आधी ठरलेले असले की दारात एकमेकांच्या तोंडाकडे पाहावे लागत नाही. "सगळे चेकने" एवढे म्हणावे.

घरातल्या मोठ्यांचे काय करायचे, हा प्रश्न आम्हाला बरेचदा विचारला जातो. काही जण त्या दिवशी आईला बहिणीकडे नेऊन ठेवतात. आमच्या पाहण्यातल्या एका घरात आजी हट्टाने बाहेरच्या खोलीत बसून राहिल्या. येणाऱ्या प्रत्येकाला त्या आपल्या दखनी हिंदीत पहिले हेच सांगत : "बरसात में वो कोने में टपकता, पहलेच बोल देती मैं." मुलगा कपाळाला हात लावी. चार पार्ट्या निघून गेल्या. पाचव्या माणसाने आजींना विचारले, कधीपासून गळते? मग त्याने गवंडी आणून गच्ची दाखवली, दुरुस्तीचे तीस हजार किमतीतून कमी करून मागितले, आणि घर घेतले. आजींनी जाताना देवांबरोबर फक्त पाटा-वरवंटा मागितला. तो आता त्यांच्या मुलाच्या मियापूरच्या फ्लॅटच्या बाल्कनीत आहे.